मार्चच्या आधीचा नोव्हेंबर

अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ पाहून टिपणं काढणं हे माझं काम. संघाचं देशभर नाव कसं होईल, असा विषय निघाला की कुणी नवं स्टेडियम मागतं, कुणी हुकमी खेळाडू. मी गोन्झागाचं नाव काढते.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व कडेला, स्पोकेनमधलं हे जेझुइट विद्यापीठ. 1999च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी मिनेसोटा, स्टॅनफर्ड आणि फ्लोरिडाला हरवलं आणि पुढे विजेत्या ठरलेल्या कनेक्टिकटला 67-62 असं झुंजवलं. असा धक्का जवळपास दर वर्षी कुणीतरी देतं आणि वर्षभरात तो विसरलाही जातो. त्याच उन्हाळ्यात कोच डॅन मॉन्सन मिनेसोटाला गेले. सहाय्यक मार्क फ्यू मुख्य कोच झाले आणि तिथेच टिकले. तेव्हापासून 2025 पर्यंत झालेल्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत गोन्झागा आहे. सहा हजार आसनांचं मॅकार्थी सेंटर उभं राहिलं ते 2004 मध्ये, नाव झाल्यावर.

माझ्या मते त्यांचं खरं शहाणपण वेळापत्रकात आहे. ते वर्षानुवर्षं ज्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळले, तिथे तगडे संघ मोजकेच. नुसतं तिथे जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड समितीचं समाधान होत नाही. आणि मोठे संघ लहान संघाच्या घरी यायला नाखूश असतात: जिंकले तर कौतुक नाही, हरले तर बोभाटा. म्हणून गोन्झागा नोव्हेंबर-डिसेंबरात स्वतःच बाहेर पडून त्यांना गाठतं. संघ निवडताना 2018 पासून वापरात असलेल्या नेट क्रमवारीत तर हा हिशेब उघडच मांडलाय. घरी अव्वल दर्जाचा विजय हवा तर समोरचा संघ पहिल्या तिसांतला लागतो. त्याच्या कोर्टावर जाऊन जिंकलात तर पहिल्या पंचाहत्तरांतला चालतो.

वेळापत्रकाला जोड सरावाची. त्यांचे सामने मी आवाज बंद करून, थांबवत थांबवत पाहते. रिबाउंड मिळाला की त्यांचा उंच खेळाडू चेंडूकडे बघत रेंगाळत नाही, थेट समोरच्या बास्केटकडे सुटतो. पहिली तीन पावलं जोरात पडली की त्याला राखणारा मागे पडतो. मग कोपऱ्यातला बचावपटू त्याला अडवायला आत सरकतो आणि तिथला नेमबाज मोकळा होतो. धावणाऱ्याला बहुतेक वेळा पास मिळतच नाही, तरी पुढच्या वेळी तो तितक्याच जोरात धावतो. ही सवय भाषणाने लागत नाही, सरावात घोटून घ्यावी लागते. केली ओलिनिक हा कॅनडाचा उंच खेळाडू दोन मोसम खेळल्यावर 2011-12 मध्ये वर्षभर एकही सामना खेळला नाही. फक्त सराव आणि व्यायाम. परतला तो ऑल-अमेरिकन दर्जाचा खेळाडू होऊन, आणि त्या मोसमात गोन्झागा पहिल्यांदाच देशात पहिल्या क्रमांकावर पोचलं.

त्या मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत विचिटा स्टेटने त्यांना लवकरच घरी पाठवलं. तरी त्यांनी तगडे संघ टाळले नाहीत. 2016 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात फ्लोरिडा, आयोवा स्टेट, अॅरिझोना या तिघांनाही त्रयस्थ कोर्टावर हरवलं आणि एप्रिलमध्ये अंतिम सामना गाठला. तो नॉर्थ कॅरोलायनाने 71-65 असा जिंकला.

आमच्या कोचना मी सांगितलंय, पुढच्या मोसमात घरचे सोपे सामने कमी करा आणि बसची सोय आत्ताच बघा.