मोहल्ल्याची बातमी

वर्तमानपत्राची कचेरी पाहायची तर सकाळी जाऊन उपयोग नाही. सकाळी तिथं रिकाम्या खुर्च्या. खरी धांदल दिवे लागल्यावर. म्हणून नववीच्या मुलींना न्यायचं ठरलं तेव्हा आम्हाला आधी घरोघर जावं लागलं. मगरिबनंतर मुली बाहेर कशा, ही काळजी वाजवीच होती. एका मुलीच्या अब्बांनी एवढंच विचारलं, "आपा, साडेआठपर्यंत परत आणाल ना?" आणल्या.

निमित्त पत्रकार दिनाचं. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. त्याच्या दहा वर्षं आधी, १८२२ मध्ये, कोलकात्यात उर्दूचं 'जाम-ए-जहाँनुमा' निघालं होतं, हेही सांगतो. तेवढं ऐकलं की उर्दू शाळेच्या वर्गाची मान जरा ताठ होते.

सोलापुरातल्या त्या मराठी दैनिकात छपाईचा खडखडाट ऐकायला मिळेल असं मुलींना वाटलं होतं. छापखाना दुसरीकडेच होता. इथं फोन, कीबोर्ड आणि मधेच एक हाक, "पंढरपूरचं पान सोडा!" लांब जाणारी पानं आधी सुटतात, शहराची शेवटी, रात्री उशिरा आलेली बातमी तालुक्याच्या अंकात सापडत नाही. एक मुलगी लगेच म्हणाली, "तरीच बार्शीला मामूंच्या पेपरात वेगळंच असतं!" एका उपसंपादकांनी भली मोठी बातमी आमच्यासमोर कापून चार परिच्छेदांची केली. मुली हळहळल्या. निबंधाची पानं भरायला आम्हीच शिकवलेलं ना!

मागे उभ्या असलेल्या, वर्गात क्वचितच बोलणाऱ्या एका मुलीनं मग विचारलं, "सर, आमच्या मोहल्ल्याची बातमी कोण आणतं?"

"पोलीस ठाणी बघणारा बातमीदार. तो रोज तुमच्या ठाण्यात जातो."

"म्हणजे चोरी-मारामारी झाली तरच आम्ही पेपरात?"

आम्ही सोबतच्या शिक्षिकेकडे पाहिलं. मुलीला गप्प करावंसं आम्हा दोघींनाही वाटलं नाही. वृत्तसंपादकांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, सारवासारवही केली नाही. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माणसं कमी आहेत, हेही खरं. तू पाठव. कोण, काय, कुठं, कधी, एवढं आधी. विशेषणं नकोत."

मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत दुपारची वेळ फक्त मुलींसाठी ठेवली होती. तिनं त्यावर लिहिलं. पहिल्या मसुद्यात अभ्यासिका होती तीन ओळींत आणि चालकांची तारीफ अकरा ओळींत. आम्ही तीनदा परत दिला. उर्दूत विचार करून मराठीत लिहिताना तिचं क्रियापद अडखळायचं, पण दुपारी किती मुली येतात हे तिनं स्वतः चार दिवस बसून मोजलं होतं.

बातमी छापून आली. पाचव्या पानावर, तळाशी, सहा ओळी. शाळेत पेढे आले. ही मात्र पेपर घेऊन आमच्या टेबलापाशी आली, चेहरा उतरलेला. मोहल्ल्याचं नाव चुकलं होतं. "आपा, इतकी वर्षं चोरीच्या बातमीत तर बरोबर छापतात."

शाळेच्या फोनवरून तिनंच कचेरीत फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, दोन ओळींची. आता ती नळाला पाणी किती दिवसांनी येतं याची वही ठेवते आहे. अजून दाखवलेली नाही.