हजेरीतली नावं

प्रिय ताई,
प्रभूत सलाम.

फोनवर आपलं बोलणं कुकरच्या शिट्ट्यांमध्येच संपतं, म्हणून वहीची पानं फाडून लिहायला बसले. रात्रीचे साडेनऊ झालेत. हे ज्वारीला पाणी द्यायला मळ्यात गेलेत; या आठवड्यात वीज रात्रीचीच आहे. विहिरीवरच्या मोटरीचा आवाज इथवर येतो, तेवढीच सोबत.

दारात चांदणी लावली. नवी नाही आणली, दिवाळीतलाच पाच टोकांचा आकाशकंदील पुसून लावला. पहिलीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमची दिवाळी अजून संपली नाही का?" म्हटलं, आमची आता यायचीय. नाताळच्या करंज्या रविवारी केल्या. सारणात आईसारखी खसखस भाजून घातली, पण तिच्या करंजीची मुरड मला अजून जमत नाही. दिवाळीत शेजारणीकडून आलेलं ताट रिकामं कसं परत करायचं? ते करंज्या भरून देईन, तेव्हा माझा नाताळ खरा सुरू होईल.

आषाढीला शाळेची दिंडी निघाली होती, तेव्हा मी पोरांबरोबर टाळ धरला होता. चर्चच्या मंडळीतल्या एकीनं ते मनाला लावून घेतलं. मला मात्र त्यात काही तुटल्यासारखं वाटलं नाही. रेव्हरंड टिळक म्हणत की, तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षं त्या बाईनं काय सोसलं असेल! विश्वास असा एका घरातही एकाच दिवशी उगवत नाही. रविवारी पेटीवर टिळकांचं पद सुरू झालं, की मला ओवी म्हणत दळणारी आपली आजी आठवते. चाल रक्तातलीच आहे ना ती.

आईची रात्रीची प्रार्थना आठवते का गं? गोधडीत आपण दोघी, आणि ती एकेकाचं नाव घ्यायची. मामा, आत्या, नांदायला गेलेल्या पोरी, वाडीतली आजारी माणसं, शेवटी गाभण शेळीसुद्धा. "सगळ्यांना सुखी ठेव" एवढं म्हणून भागत नव्हतं तिचं. आमेन होईतो आपण झोपलेल्या असायचो.

हे सगळं आठवायला कारण आहे. माझ्या हजेरीत 23 नावं आहेत. दिवाळीनंतर त्यातली सहा पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. आपल्या पाथर्डीकडं हे दरवर्षीचंच. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती फडातच. त्यांच्या नावापुढं गैरहजेरी मांडावी लागते. पण मी नाव मोठ्यानं घेते, क्षणभर थांबते, मगच पुढचं. आधी पोरं सांगायची, "बाई, ते तोडीला गेलंय." आता तीही गप्प राहतात. त्या थांबण्यात मी काय मागते, ते त्यांना ठाऊक नाही. तुला कळेल.

काल वर्गात नाताळची गोष्ट सांगितली. नावनोंदणीसाठी मरिया आणि योसेफ गावी गेले, उतरायला कुठं जागा मिळाली नाही, बाळाला गव्हाणीत निजवलं. आजीजवळ मागं राहिलेला एक पोरगा पटकन म्हणाला, "मग त्यांनी कोपी का नाही घातली?" त्याची आई या घडीला उसाच्या पाचटाच्या कोपीतच असेल, तान्ही बहीण कडेवर. मला पुढची गोष्ट सुचेना. त्यालाच म्हटलं, तू फळ्यावर काढून दाखव. त्यानं कोपी काढली, बाहेर दोन बैल, बैलगाडी आणि चूल. चुलीवर भाकरी. मेंढपाळ आले तर त्यांना जेवायला नको का, म्हणाला. मी फळा पुसलेला नाही.

26 तारखेला तू पोरांना घेऊन ये. ज्वारी दाण्यात भरतेय. हुरडा व्हायला आणखी थोडे दिवस लागतील, पण चार कणसं भाजण्याजोगी नक्की निघतील. लसणाची चटणी कुटून ठेवते. येताना आईचं 'उपासना संगीत'चं जुनं पुस्तक आण, तिच्या हातच्या खुणा असलेलं.

मोटर आता बंद झाली. हे गारठून येतील, चहाचं आधण ठेवते.

तुझी,
धाकटी