अवजारं आपली, साईट गिऱ्हाइकाची

साताऱ्यात बसून वेबसाईट बनवायच्या, तर गिऱ्हाईक कोण हे आधी नीट ओळखावं लागतं. भिलार-पाचगणीच्या पट्ट्यातले स्ट्रॉबेरीवाले, तापोळ्याकडे घरगुती मुक्कामाची सोय करणारी कुटुंबं, पोवई नाक्याच्या आसपासचे क्लासेस, सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावचे बेदाणेवाले, एखादी पतसंस्था, एखादं वाचनालय. साईटवर वर्षाला किती घालवायचे याचा त्यांचा हिशोब पक्का असतो आणि तो रास्तही असतो. त्या रकमेत मी डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं दरमहाचं भाडं आणि सर्टिफिकेटची वार्षिक फी बसवायला गेले, तर ते शेवटी त्यांच्याच बिलावर चढणार. फुकट आणि स्वस्त अवजारं नसती, तर या गावात मला हा धंदा करताच आला नसता.

तरीही केवळ फुकट आहे म्हणून मी अवजार उचलत नाही. माझी कसोटी एकच आहे. उद्या हे अवजार बंद पडलं, किंवा मीच हे काम सोडलं, तर गिऱ्हाइकाची साईट दुसऱ्या कुणाला तिथून पुढे नेता येईल का? येत असेल, तर अवजार कामाचं. येत नसेल, तर ते कितीही देखणं असो, माझ्या टेबलावर त्याला जागा नाही.

ही कसोटी मला आमच्या धंद्याच्या इतिहासानंच शिकवली. लिनक्सचा गाभा लिहिणारी मंडळी आपल्या कोडच्या आवृत्त्या सांभाळायला बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरायची. ते त्यांना फुकट मिळत होतं, पण मालकी कंपनीची होती. २००५ साली कंपनीनं ती सवलत काढून घेतली. त्याच एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं आणि आज जगभरचे प्रोग्रॅमर त्यावर काम करतात. वर्डप्रेसची गोष्ट याच्या उलट आहे. बी२ नावाच्या सॉफ्टवेअरकडे त्याच्या कर्त्याचं लक्ष राहिलं नव्हतं, पण त्याचा कोड खुल्या परवान्याखाली होता. मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल यांनी तो उचलला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. एकीकडे दार बंद झालं म्हणून सगळं नव्यानं लिहावं लागलं, दुसरीकडे दार उघडं होतं म्हणून काम पुढे चालू राहिलं. दोन्ही अवजारं मी रोज वापरते आणि गिऱ्हाइकाला ही गोष्ट आवर्जून सांगते.

कोड लिहायला माझ्याकडे व्हीएस कोड आहे. मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ साली आणलं, त्याचा मूळ कोड खुला आहे. कंपनीची माहिती गोळा करणारी व्यवस्था नको असेल, तर त्याच कोडपासून बनवलेलं व्हीएसकोडियम घ्यावं. कमी रॅमच्या जुन्या मशीनवर डॉन हो यांचं नोटपॅड++ अजूनही सुरेख चालतं, ते २००३ पासून आहे. अ‍ॅटम हा अनेकांचा आवडता एडिटर २०२२ च्या डिसेंबरात बंद झाला, पण त्यात लिहिलेली एकही फाईल कुणाची अडकली नाही, कारण कोडची फाईल म्हणजे साधा मजकूर. शिवाय अ‍ॅटमचाही कोड खुला होता, त्यातून पल्सर नावाचा एडिटर उभा राहिला.

माझं सगळ्यात मोलाचं अवजार मात्र ब्राउझरमध्येच आहे. २००६ साली जो ह्युइट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग केलं, तेव्हापासून उघडलेल्या पानाचं आतलं अंग पाहण्याची सुटसुटीत सोय झाली. आज ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आयती मिळते. त्यातल्या नेटवर्कच्या कप्प्यात इंटरनेटचा वेग मुद्दाम कमी करता येतो. साईट पाहणारा माणूस पसरणी घाट चढत असतो, रेंज येत-जात असते आणि मुक्काम कुठे करायचा हे त्याला त्या दोन वळणांत ठरवायचं असतं. म्हणून मी वेग खाली आणून पान उघडते आणि कोणती फाईल किती वेळ खाते ते आडव्या पट्ट्यांमध्ये पाहते. बहुतेक वेळा सगळ्यात लांब पट्टी फोटोची असते. मोबाईलनं काढलेला, चार-पाच एमबीचा, जसाच्या तसा चढवलेला फोटो. "ताई, पान उघडतंय पण फोटोच येत नाही बघा," असा फोन आला, की पुढचं मला माहीत असतं.

फोटो हलका करायला मी स्क्वूश वापरते. गूगलच्या क्रोम विभागातल्या लोकांनी ते २०१८ मध्ये खुलं केलं. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो आपल्या मशीनबाहेर जात नाही. पडद्याच्या मधोमध एक सरकती रेघ असते, डावीकडे मूळ फोटो आणि उजवीकडे हलका केलेला. स्ट्रॉबेरीचा फोटो म्हणजे या कामाची खरी परीक्षा. जेपेग आणि वेबपी ही रूपं उजेड-अंधाराचा तपशील जपतात, पण रंगाचा तपशील कमी करतात, कारण आपल्या डोळ्याला तो फरक सहसा कळत नाही. गडद लाल रंगात मात्र तो कळतो. फळाच्या कडेचा लाल रंग हिरव्या देठात उतरतो, पिवळसर बियांच्या भोवती डाग पडल्यासारखं दिसतं. अशा वेळी मी दर्जाचा आकडा उगाच वाढवत नाही. जेपेगमध्ये रंगाचा तपशील कमी करण्याची क्रियाच बंद करते, किंवा अ‍ॅव्हिफ हे नवं रूप घेऊन बघते. रुंदी बाराशे पिक्सेलवर आणते आणि बिया मोजता येतील इतपत स्पष्ट राहिल्या, की थांबते. चार एमबीचा फोटो दीड-दोनशे केबीत बसतो आणि फळ ताजंच दिसतं. बाकी फोटोवर जास्त काम असेल तर गिम्प, लोगोसाठी इंकस्केप, आणि कुणी फोटोशॉपची फाईल पाठवली तर ब्राउझरात चालणारं फोटोपी. एवढ्यावर माझं चित्रांचं सगळं काम भागतं.

मराठी अक्षरांकडे मी याहून जास्त वेळ देते. एके काळी मराठी साईट पाहायची म्हणजे आधी तिचा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. युनिकोडनं ते संपवलं. ओंकार जोशी यांच्या गमभनसारख्या मोफत साधनांनी कितीतरी लोकांना संगणकावर मराठी लिहितं केलं. आज मुंबईच्या एक टाईपचे मुक्त आणि बलू हे फाँट खुल्या परवान्यात मिळतात, गूगल फाँट्सवरून घ्या किंवा आपल्याच सर्व्हरवर ठेवा. पानाच्या सुरुवातीलाच भाषा मराठी आहे हे सांगणारी खूण घातली, की ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. त्या एका खुणेसाठी एक पैसा लागत नाही, तरी कितीतरी सरकारी आणि खासगी पानांवर ती दिसत नाही.

यातली एक बारीक अडचण आमच्या जिल्ह्यात हमखास भेटते. कऱ्हाड हे नाव लिहिताना ह च्या मागचा अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो. कुणी नुक्ता असलेला ऱ वापरून त्याला हलन्त देतो, कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. पतसंस्थेच्या शाखांच्या यादीत शोधलं तर अर्ध्या नोंदी येतात, अर्ध्या येतच नाहीत, आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. मी एडिटरच्या 'शोधा-बदला'मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन वापरून, फक्त र नंतर येणारी ती न दिसणारी खूण पकडते आणि सगळीकडे एकच रूप करून टाकते. सरसकट सगळी जोडचिन्हं काढून चालत नाही, कारण इतर अर्धी अक्षरं त्यावर उभी असू शकतात. असलं काम करून देणारं महागडं सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही. इथे फुकटचा एडिटर आणि आपल्या भाषेची जाण, दोन्ही लागतात.

साईट आधी आपल्याच मशीनवर चालवून पाहायला झॅम्प पुरतं, त्यात अपाचे, मारियाडीबी आणि पीएचपी एकत्र मिळतात. साईट तयार झाली की मी डोळे मिटून एनव्हीडीए लावते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणानं २००६ साली सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर पडदा वाचून दाखवतं आणि मराठीही वाचतं. आवाज यंत्राचा असतो, पण दोष स्पष्ट ऐकू येतात. चित्राला वर्णन दिलं नसेल तर काहीच ऐकू येत नाही किंवा नुसतं फाईलचं नाव ऐकू येतं, बटणाला नाव नसेल तर नुसतं 'बटण'. वाचनालयाची किंवा कॉलेजची साईट असेल, तर ही तपासणी झाल्याशिवाय मी ती लोकांसमोर ठेवत नाही.

सुरक्षिततेचा खर्चही आता आवाक्यात आला. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या डिसेंबरपासून सगळ्यांना मोफत सर्टिफिकेट देते. ते नव्वद दिवस चालतं आणि सर्टबॉटसारखा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो. २०१८ च्या जुलैपासून क्रोम सर्टिफिकेट नसलेल्या प्रत्येक साईटवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला. क्लासच्या प्रवेश अर्जात मुलीचं नाव आणि आईचा मोबाईल नंबर जात असेल, तर हे मोफत सर्टिफिकेट बसवणं ही जबाबदारीच आहे.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मी स्पष्ट बोलते. पेनड्राईव्हवरून फिरणारं डिझाईनचं सॉफ्टवेअर, कुठून तरी उतरवलेली विकतची थीम, हे फुकट नव्हे. असल्या थीममध्ये पुष्कळदा मागचं दार ठेवलेलं असतं. मग हळदीच्या पेढीच्या नावाखाली कुठल्या तरी जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात आणि पिढ्यांची पत एका रात्रीत पणाला लागते. जिथे विकत घ्यायचं तिथे विकतच घ्यावं. डोमेन आणि होस्टिंग यांवर मी सहसा काटकसर करत नाही. फुकट होस्टिंग छोट्या, न बदलणाऱ्या पानांसाठी चांगलं आहे, गिटहब पेजेसवर अशी साईट छान चालते. पण कंपनीची मोफत योजना कंपनीच्या मर्जीवर असते, हेरोकू या होस्टिंग कंपनीनं २०२२ च्या नोव्हेंबरात आपली बंदच केली. म्हणून फुकट जागेवर साईट ठेवली, तरी डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर विकत घेतलेलं हवं. जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं कोरेगाव, खटाव, माण, जत अशा भागांतून येतात. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट, एक एडिटर आणि एक ब्राउझर, एवढ्यावर पुण्यातल्या मोठ्या कंपनीत चालतं तेच काम ती करू शकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही वाट दाखवली. त्या जिल्ह्यातल्या मुलाला पैशाअभावी अवजार मिळालं नाही, असं या क्षेत्रात तरी होऊ नये. आणि ते होतही नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण ही अवजारं कुणीतरी लिहितं, सांभाळतं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दगाफटक्याचा कोड सापडला. तो प्रोग्रॅम मुख्यतः एकच थकलेला माणूस वर्षानुवर्षं सांभाळत होता आणि मदतीच्या बहाण्यानं कुणीतरी त्याचा विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. आमच्याकडे शेतात पैरा चालतो. तुमच्या भांगलणीला आम्ही, आमच्या काढणीला तुम्ही. ज्यानं पैरा घेतला त्यानं तो फेडायचा, ही त्यातली शिस्त आहे. खुल्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. मोठी देणगी परवडत नसेल, तर सापडलेला दोष नीट लिहून कळवावा, वर्डप्रेसच्या मराठी भाषांतरातली चार वाक्यं सुधारावीत, जे शिकलो ते मराठीत लिहून ठेवावं. शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी हे करून घेते आणि स्वतःही करते.

काम संपलं की मी गिऱ्हाइकाला छापील कागद देते. डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते कधी रिन्यू करायचं, होस्टिंगचं खातं कोणतं, बॅकअप कुठे आहे, कोड कुठे ठेवलाय, कोणकोणती अवजारं वापरली आणि ती कुठून मिळतात, हे सगळं त्यावर मराठीत असतं. पासवर्ड त्यांनी स्वतः बदलून घ्यायचे, माझ्यासमोरच. तो कागद घेऊन मिरजेतला किंवा वाईतला कुणीही नवा मुलगा मला एक फोनही न करता ती साईट पुढे चालवू शकला, तर मी अवजारं बरोबर निवडली होती असं मी मानते.