घट्ट झालेल्या बांगड्या

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगतो.

गेल्या वर्षी हिची केमोथेरपी चालू होती. दर वेळी शीर शोधत टोचायला नको म्हणून उजव्या दंडातून एक बारीक नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत घातली होती. पिक लाइन म्हणतात तिला. तिसऱ्या आठवड्यात ही म्हणाली, "अहो, या हातातल्या बांगड्या घट्ट होतायत." मी म्हटलं, "कुशीवर झोपतेस, आखडला असेल." आणि नळीची पट्टी सोडून बाकीचा हात कोमट तेलाने चोळून दिला. दोन रात्री!

तिसऱ्या दिवशी सूनबाईने तिचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला लावले. उजवा जाड, निळसर, आणि खांद्यापाशी शिरांचं जाळं उमटलेलं. "बाबा, आत्ताच्या आत्ता निघायचं."

डॉप्लर सोनोग्राफीत निदान झालं. काखेतल्या खोल शिरेत, पार गळपट्टीच्या हाडाखालपर्यंत रक्ताची गुठळी. अशी गुठळी पायात होते, लांबच्या विमानप्रवासात जपावं, एवढंच मी ऐकून होतो. हातात होण्याचं प्रमाण त्यामानाने बरंच कमी. बहुतेकदा अशी नळी, पेसमेकरच्या तारा किंवा खुद्द कॅन्सर, ही कारणं. पण वजनं उचलणाऱ्या, गोलंदाजी करणाऱ्या धडधाकट तरुणांनाही होते म्हणे. हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये शीर चेपत राहते. पॅजेट (१८७५) आणि श्रोटर (१८८४) या दोन डॉक्टरांच्या नावाने तो प्रकार ओळखतात. (मास्तरकी सुटत नाही, काय करणार!)

मला वाटलं, आता नळी काढणार. पण ती नीट चालत होती, गरजही होती, म्हणून ठेवली. रक्त पातळ राहण्यासाठी आधी पोटावर इंजेक्शनं, मग गोळ्या. किमान तीन महिने, आणि नळी असेपर्यंत.

गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ही बाहेर बसली होती. मी हळूच विचारलं, "मी चोळला, त्याने सुटली असती का?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा चोळू नका," एवढंच म्हणाले.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती इथलं सगळं वाचते, म्हणून इथेच लिहितोय.

नळी निघाली, गोळ्याही थांबल्या. हात संध्याकाळी अजून थोडा जड होतो. दिवाळीत कासाराकडे गेलो, तर डाव्या हाताला नेहमीच्या सव्वादोनच्या बांगड्या बसल्या, उजव्याला अडीचच्या घ्याव्या लागल्या.