देठ

मोरपिसाचा डोळा देवाजवळ आणि देठ मामांकडे, अशी आमच्या आजोळी वाटणी होती. गाव पैठणच्या वरच्या अंगाला, अगदी गोदाकाठी. पावसाळा सरत आला की शिवारातले मोर पिसं गाळायचे. मामा देठाचा वीतभर तुकडा कापून घेत. वर चिवट साल, आत पांढरं हलकं भेंड. दोन्ही तोंडं मेणानं बंद करायची. खालच्या टोकाला सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचा तुकडा बसवून त्यातून दोरा ओवायचा. वरच्या टोकाला पोळ्यात बैलांची शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंग. झाली गळाची काडी तयार.

मग शिसं. त्याचा बारका तुकडा मामा दाताखाली दाबून दोऱ्यावर बसवत, पाण्यात टाकून बघत, पुन्हा थोडं वाढवत. काडी उभी राहून तेवढं तांबडं टोक वर दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आळशी माणूस काडी बोटभर वर ठेवतो. मग खालून ओढताना माशाला ओझं लागतं आणि तो आमिष सोडून देतो.

पण खरी विद्या वाहत्या पाण्यातली. नदीत वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं. काडी मोकळी सोडली तर ती पुढे धावते आणि गांडुळाला मागून फरफटत नेते. तळाशी बाकी सगळं सावकाश चाललेलं असताना एकच गांडूळ धावतंय, हे माशाला खपत नाही. मामा ओरडायचे, “काडीला पळू देऊ नको रे! आडव तिला. आधी गांडूळ जाऊ दे, मागून काडी.” दोरा जरा ताणून धरला की काडी मागे कलायची आणि आमिष तळाच्या चालीनं पुढे सरकायचं. काठावर बसून नदीच्या तळाचा वेग ओळखायला मी असा शिकलो. खेकडा काडीला तिरकं, संथ ओढतो. वाम खडकाखाली घेऊन जाते. मरळीचा झटका हाताला आधी कळतो, डोळ्यांना नंतर.

18 ऑक्टोबर 1965ला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. मधल्या वर्षांत आजोळ पाण्याखाली गेलं. मराठवाड्याला त्या पाण्याची गरज होती, आजही मी त्याच पाण्यावर जगतो. त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण कायगाव टोक्याला, जिथे प्रवरा गोदेला मिळते, तिथे पुढे गळ टाकला तेव्हा काडी जागची हलेना. हलली तर वाऱ्यानं. मामांची निम्मी विद्या तिथेच संपली. उरलेली अर्धी धरणात सोडलेल्या मृगळानं शिकवली. तो तळाचं खातो. आमिष उचलताना शिसंही उचलतो, मग काडी बुडण्याऐवजी वर येऊन आडवी पडते. नवशिक्या बुडण्याची वाट बघत बसतो आणि मासा जेवून जातो.

पुढे शहराकडेला गारखेड्यात आम्ही राहायला आलो तेव्हा घरामागे ज्वारी उभी होती. चिकलठाण्याजवळच्या सुखना नदीत तेव्हा पोरं गळ घेऊन बसत. आज तिथे नाकाला रुमाल लावून उभं राहावं लागतं. ज्वारीच्या जागी इमारती आल्या आणि मीही त्यातल्याच एकीत राहतो.

नोकरीत असताना बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ हाती आला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ. कल्याणी म्हणजे आपल्या शेजारचं बसवकल्याण. मराठीचे फार जुने नमुने ज्यात सापडतात, त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ आहे: गळानं मासे धरण्याचं, मासे आणि आमिषं यांचं राजाला शोभेल असं वर्णन. इंग्रजीतलं गळावरचं पहिलं छापील पुस्तक 1496चं, त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीचं हे काम. मामांना सांगितलं तर म्हणाले, “राजाला आमिष लावायला नोकर असतील.”

मुलगी नॉटिंगहॅमला गेली. तिच्याकडे गेलो तेव्हा ट्रेंट नदीकाठी माणसं काडी सोडून बसलेली पाहिली आणि भाषा येत नसल्याचं विसरून तासभर त्यांच्यामागे उभा राहिलो. तीच रीत, दोरा ताणून काडी आडवण्याची! दुकानात मोराच्या देठाच्या काड्या होत्या, सुबक, वार्निश केलेल्या. शिसं मात्र मिळेना. हंस तळातले शिशाचे दाणे खडे समजून गिळायचे आणि विषबाधेनं मरायचे, म्हणून तिथे गळाच्या बारीक शिशाच्या विक्रीवर 1987पासून बंदी आहे. आदल्याच वर्षी, 1986 साली, आपला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पक्षी अभयारण्य झाला होता. रोहित उतरतात त्या चिखलात आमच्या किती जणांचं शिसं पडलं असेल, हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता. आणि मामा तर ते दातांनी दाबत.

आता मी तांब्याची बारीक तार वेढतो. शिशापेक्षा हलकी, म्हणून वेढे जास्त लागतात. बादलीत तोलून बघतो. शेजारचा शाळकरी मुलगा तेवढ्यासाठी येऊन बसतो. पण बादलीत काडी आडवता येत नाही. त्यासाठी, पाऊस बरा झाला असेल तर, भाद्रपद-आश्विनात त्याला घेऊन रेल्वेनं लासूर स्टेशनला उतरतो. तिथली शिवना नदी तेव्हा वाहती असते. मासे बोटभर, बहुतेक परत सोडायचे. रात्री मुलगी फोनवर किती मासे लागले ते विचारते, मी पाणी किती वाहत होतं ते सांगू लागतो, आणि ती म्हणते, “बाबा, जेवलात का?”