गेनूचा बाबू

आमच्या लोणी गावात माणसाला हाक मारताना आडनाव लागत नाही. एका आळीत एकाच आडनावाची वीस घरं, आडनावानं हाक मारली तर सगळी आळी ओट्यावर येईल. म्हणून बापाचं नाव लावायचं. किसन कोणता, तर तुकारामाचा. हौसा कोणती, तर बबनची. शाळेच्या हजेरीतही गुरुजी आडनावापर्यंत जात नसत.

त्यामुळे पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत गुरुजींनी ‘हुतात्मा बाबू गेनू’ म्हटलं आणि आम्ही पोरांनी ‘अमर रहे’ची आरोळी ठोकली, तेव्हा मला तो आमच्याच आळीतला कुणी वाटला होता. मी दुसरीत असेन. आमच्या शेजारी एक गेनूबाबा होते, दिवसभर सुताची दोरी वळत बसायचे. घरी येऊन आजीला विचारलं, गेनूबाबांचा बाबू कधी वारला? आजी हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, “अगं, त्यो म्हाळुंग्याचा. म्हाळुंगे पडवळचा. सैदांचा.” मग तिनं गेनू म्हणजे काय तेही सांगितलं. नाव ठेवायचं ज्ञानोबा, जिभेवर येताना त्याचं ग्यानू होतं, आणि रानात हाक मारायची तर गेनू. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला जुन्नरचं आळे, जिथे वेद बोललेल्या रेड्याची समाधी दाखवतात. या दोहोंच्या मधल्या मुलखात गेनू नावाला काय तोटा!

तेव्हापासून ते नाव माझ्याबरोबर आहे.

माझे वडील, आप्पा, मुंबईला गिरणीत होते, सांचा खात्यात, मागांवर. गावाकडच्या माणसांच्या गाळ्यात राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. यात्रेला येताना ते माझ्यासाठी फ्रॉकचं कापड आणत. त्या कापडाला खळीचा वास असायचा, आणि तो वास मला बरेच दिवस आप्पांचाच वाटायचा. एकदा मे महिन्यात त्यांनी मला मुंबई दाखवायला नेलं. राणीची बाग झाली, चौपाटी झाली, आणि मग ते मला काळबादेवीच्या रस्त्यावर घेऊन गेले. हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, डोक्यावर ओझी घेतलेले हमाल. त्या गर्दीत आप्पा पायांतल्या वहाणा काढून उभे राहिले. “हितंच,” म्हणाले.

१२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. परदेशी कापडाचा ट्रक निघणार होता आणि स्वयंसेवक तो अडवायला उभे होते. बाबू गेनू त्यांच्यातला एक, विशीतला गिरणी कामगार. त्याच वर्षी वडाळ्याच्या मिठाच्या सत्याग्रहात तो उतरला होता. ट्रकपुढे तो आडवा झाला. देशी ड्रायव्हरनं गाडी घालायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटनं चाक हातात घेतलं, असं सांगतात. ट्रक अंगावरून गेला. त्याच दिवशी त्यानं प्राण सोडला.

आप्पांनी हे सगळं मला एका दमात सांगितलं. जवळून ट्रक गेला की ते माझं मनगट घट्ट धरत होते.

मोठी झाल्यावर मी या प्रसंगाकडे पुष्कळदा वळून पाहिलं. त्याच्या धैर्याबद्दल बोललं जातं, ते योग्यच आहे. मला मात्र त्याच्या हातांचा विचार येतो. ते हात कापड विणणाऱ्या गिरणीतले होते. बाप लहानपणीच गेलेला, घरची जमीन पोट भरण्याइतकी नाही, आई पोटामागे मुंबईला गेलेली. लँकेशायरच्या कापडानं देशातला माग कसा बंद पाडला, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. स्वदेशीनं गिरणीमालकांच्याही तिजोऱ्या भरल्या, हा इतिहास आहे. पण रस्त्यावर आडवा झाला तो कामगार. त्या दोन गोष्टी एका वाक्यात सांगायच्या राहून जातात म्हणून मी सांगते आहे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी आत गेले नाहीत. आप्पा वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन लोणीला परतले. घरची जमीन कोरडवाहू. पावसावर बाजरी, पाऊस बरा झाला तर कांदा. आप्पांनी मुंबईबद्दल तक्रार कधी केली नाही. बारा डिसेंबरला मात्र ते सकाळी आंघोळ करून देवापुढे एक जास्तीचं फूल ठेवायचे. कुणासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

लग्न होऊन मी पुण्यात आले, तर मंडईजवळ हुतात्मा बाबू गेनू चौक. भाजी आणायला रोज तिथूनच जाणं. त्याच्या नावाचं मंडळ, त्याच्या नावाचा गणपती. गर्दीत कुणी म्हणायचं, “बाबू गेनूला भेटू,” आणि माझ्या मनात दर वेळी काहीतरी हलायचं. लग्नात माझं मधलं नाव बदललं होतं. कागदावर आप्पांचं नाव माझ्यामागून गेलं. त्या दिवसांत मला पहिल्यांदा जाणवलं की बाबूचं सैद हे आडनाव गळून पडलं, पण बापाचं नाव राहिलं. ज्याचा बाप त्याच्या लहानपणीच गेला, त्यानं बापाला चौकाचौकात नेऊन बसवलं. गेनू नावाच्या एका गरीब शेतकऱ्याचं नाव आज रिक्षावाला घेतो, कंडक्टर घेतो. आईच्या वाट्याला तसं काही आलं नाही. मुलाला गमावून ती पुढे जगली असेल ते दिवस मला कुठल्याच पाटीवर सापडत नाहीत.

२७ सप्टेंबर २०१३ला मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत कोसळली. ६१ माणसं गेली. दिवसभर टीव्हीवर ढिगारा आणि खाली ते नाव. आप्पांनी उठून टीव्ही बंद केला.

आणि आमच्या तालुक्यात घोड नदीवरचं डिंभे धरण. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते जुनं गाव या पाण्याखाली आहे. डोंगरातल्या आदिवासींची शेतंही गेली. कुकडी प्रकल्पाचं हे पाणी कालव्यांनी नगरकडे, थेट करमाळ्यापर्यंत जातं. आमचा लोणी-धामणीचा पट्टा उंचावर, तालुक्याच्या पूर्व कडेला. इथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. धामणीच्या खंडोबाच्या नावानं उपसा योजना व्हावी म्हणून माणसं वर्षानुवर्षं अर्ज करतात, बैठकांना जातात. त्या मागणीत मला खोट दिसत नाही. म्हाळुंग्याचा तो मुलगा कोरडवाहू रानातूनच उठून मुंबईला गेला होता. त्याच्या नावाचं पाणी कोरडवाहू रानाला मिळावं, याहून साधं मागणं कोणतं?

आप्पा थकले तेव्हा त्यांना एकदा धरण दाखवायला नेलं. श्रावण सरत आला होता, पाणी काठोकाठ. ते सावकाश काठापर्यंत उतरले, ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. मग काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “आपलं लोणी कुठल्या अंगाला गं?”

मी पूर्वेला हात केला. तिकडे डोंगरच दिसत होता. आप्पा तिकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.