कडू कुणाला लागतं?

कडू खाता येणं हा वळणाचा प्रश्न आहे, असं मी कित्येक वर्षं मानत आले. पानात आलेलं कारलं संपवायचंच, पाडव्याला कडुनिंब तोंड वाकडं न करता खायचा आणि नवलकोल बाजूला सारणाऱ्या मुलाची जीभ लाडावली आहे असं समजायचं, ही आमच्या घरची रीत. तिच्यात मला काही वावगं दिसत नव्हतं. आज ते मत माझं राहिलेलं नाही.

ते पहिल्यांदा डळमळलं एका जुन्या हकिगतीने. १९३१ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनज्ञ पीटीसी नावाची भुकटी बाटलीत भरत होते. थोडी भुकटी हवेत उडाली आणि तिथेच काम करणारे नोलर म्हणाले, केवढं कडू आहे हे! फॉक्स भुकटीच्या जास्त जवळ होते, पण त्यांना काहीच लागलं नाही. मग दोघांनी ती चाखून पाहिली, तरी एकमत होईना. दोघंही खरं बोलत होते.

कारण सापडायला २००३ साल उजाडावं लागलं. कडू ओळखणारी सुमारे २५ ग्राही प्रथिनं माणसाकडे असतात. त्यातल्या टीएएस२आर३८ या प्रथिनात ३३३ अमिनो आम्लं असतात आणि त्यातली तीन बदलली, की पीटीसी कुणाला कडूजहर लागतं, तर कुणाला बेचव. संशोधक डेनिस ड्रेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचं जनुक सातव्या गुणसूत्रावर शोधलं. कोबी, मुळा, नवलकोल यांच्यातली काही गंधकयुक्त द्रव्यं याच ग्राहीला चेतवतात. म्हणजे एकाच पंगतीला बसलेल्या सख्ख्या भावंडांना एकच भाजी निराळी लागू शकते! कारल्याचं कडूपण मात्र दुसऱ्याच रसायनांचं आणि दुसऱ्या ग्राहींचं. त्यामुळे ‘कारलं चालतं, मग कोबी का नको?’ या माझ्या नेहमीच्या प्रश्नात काही अर्थच उरला नाही.

सवयीचा वाटा मी आजही नाकारत नाही. कॉफी पहिल्याच घोटाला क्वचितच कुणाला आवडते. पण सवय लावायला सगळे एकाच जागेवरून निघत नाहीत, हे मला आता पटलं आहे.

तरी हा भेद जेवणापुरताच, असं मी धरून चालले होते. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की हेच ग्राही नाकाच्या आतल्या अस्तरातही असतं. काही जिवाणू आपसात ज्या रेणूंनी संकेत देतात, ते रेणू त्याला जाणवतात. मग पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, ते जिवाणूंना मारतं आणि अस्तरावरचे सूक्ष्म केस जोराने हलून घाण बाहेर लोटतात. ज्यांना पीटीसी कडू लागतं, त्यांच्या पेशींत हे जास्त जोमाने होतं.

मग फॉक्स यांच्यासारख्यांचं ग्राही बिघडलेलं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. ते एखादं वेगळं विष ओळखत असावं, असा कयास काही संशोधकांनी मांडला आहे आणि माझा कल तिकडे आहे. स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेतल्या एका निअँडरथल माणसाच्या हाडातून हे जनुक वाचता आलं. सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या जनुकाची एक प्रत चव ओळखणारी होती आणि दुसरी न ओळखणारी. कोबी-मुळा पिकवायला कुणी शिकण्याच्या कितीतरी आधीपासून हे दोन्ही प्रकार सोबतच नांदत आले आहेत.